गौराबाई हात वर करत नाही

गौराबाईला पंचायतीत आणली ती तिच्या दिरानं, पोपटनं. बायकांची राखीव जागा निघाली होती, जुना सदस्य असलेल्या पोपटला आता स्वतः सरपंच व्हायचं होतं, आणि घरातलीच भावजय आत असली की एक हात पक्का, असा त्याचा साधा हिशेब. भावजय विधवा, सातवीपर्यंत शिकलेली, भातशेती आणि कोंबड्यांत रमलेली, चार शब्दांच्या जागी एक बोलणारी. न बोलणारं माणूस मनात काय घोळवत असतं याचा विचार पोपटनं केला नाही. पुढारी माणसं असले विचार करत नाहीत, केले तर पुढारपण करायला वेळ कुठून आणायचा?

पोपट सरपंच झाला आणि पहिली दोन वर्षं त्याचा हिशेब जमला. गटार, दिवाबत्ती, स्मशानाची शेड, काहीही निघालं की पोपट आधी खाकरायचा आणि मग सगळ्यांचे हात वर जायचे. गौराबाईचाही जायचा. कामं गावाची होती, तिला त्यात वावगं काही दिसलं नाही.

त्यांचं कुसुरपाडे कशेळ्याच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर. खाली कुणब्यांचं गाव, वर डोंगराच्या अंगाला ठाकरांची वाडी. गावात दगड भिरकावला तर तो कुणाच्या तरी मामाला नाहीतर मेहुण्यालाच लागायचा. पंचायतीच्या पगारावरची माणसंही मग घरचीच. कारकून स्वप्नील पोपटचा जावई. शिपाई उपसरपंच नीलेशचा भाऊ. नळाचं पाणी सोडणारा ओमकार तर गौराबाईचा एकुलता एक मुलगा. गटारं उपसणारा हिरू तेवढा वाडीवरचा. वाडीतर्फे चिमाबाई सदस्य होती, पण तिची खुर्ची दाराजवळ असायची आणि तिला कुणी काही विचारायचं नाही.

एका संध्याकाळी पोपट घरी आला. गौराबाईची सून ऋतिका लगबगीनं चहा टाकायला उठली, कारण तो कशासाठी आलाय ते तिला ठाऊक होतं.

"वैनी, उद्या मीटिंग हाय," पोपट म्हणाला. "पगारवाढीचा ठराव घेतोय. स्वप्नील, शिपाई आन आपला ओमकार. तिगांचं एकाच ठरावात उरकून टाकू."

"आन हिरूचं?"

"त्याचं फुडल्या वर्षी बगू. फंडात बसत नाय."

"तिगं बसतात आन चवथा बसत नाय?"

पोपटनं बशीतला चहा फुंकला. "वैनी, तळं राखील तो पानी चाखील. आपन राखतो ते काय उगाच?"

ऋतिका दारातून म्हणाली, "काका, तुमचे उपकार हायेत." तिचं खोटं नव्हतं. मुलीला तिनं कर्जतच्या शाळेत घातली होती, गाडीचं भाडं दर महिन्याला तिच्या उरावर बसायचं. नवऱ्याचा पगार वाढावा असं कुठल्या बाईला वाटत नाही? पण उपकार हा शब्द गौराबाईला काट्यासारखा बोचला. लग्न असो, बारसं असो, पोपट चारचौघांत ओमकारच्या पाठीवर थाप मारून सांगायचा, याला मी चिकटवलाय. आणि ओमकार, तिशीचा बाप्या, मान खाली घालून हसायचा. ते हसू तिला सहन व्हायचं नाही.

पोपट गेल्यावर ती म्हणाली, "उद्या मी हात वर करनार नाय."

ऋतिकानं हातातली कपबशी खाली आपटली. "आई, घरचं मानूस देनार नाय, तर काय परकं देनार?"

"परक्यानंच द्यावा. कामाचा पगार हाय ना तो?"

"आये, सगळेच करतात," कोपऱ्यात बसलेला ओमकार पुटपुटला.

"सगळ्यांचं मी काय करू रं? माजा हात माज्याच खांद्याला हाय."

त्या घरात त्या दिवशी जेवताना कुणी कुणाला भाजी वाढली नाही.

आता कुसुरपाड्याच्या गावकीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बांधाचा असो, वाटेचा असो, तंटा निघाला की गाव मारुतीच्या मंडपात बसतं. ज्याचा तंटा तो पुढं उभा राहतो. त्याची सख्खी माणसं मात्र उठून मंडपाच्या पायरीखाली जाऊन बसतात. बोलायचं नाही, खुणावायचं नाही, निकाल लागला की वर यायचं. उठा म्हणून कुणाला सांगावं लागत नाही. पोपटचा बाप गावची मोठी असामी, पण तोही एकदा भावाच्या तंट्यात उपाशी दुपारभर खाली बसला होता. असं हे गाव सरळ. पण गावकी आपली आणि पंचायत सरकारची, असा त्यांचा पक्का समज. सरकारच्या घरात शिरताना चपलांबरोबर लाजही बाहेर काढून ठेवली तरी चालते, असं त्यांच्या डोक्यात कुणी घातलं होतं कोण जाणे. तिथं जावई, भाऊ, पुतण्या यांचे पगार खुशाल ठरत होते, आणि संध्याकाळी तीच माणसं मंडपात जाऊन न्यायाच्या गप्पा हाणत होती.

मीटिंगला सरपंच धरून आठही जणं हजर होती. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, पण गाव त्यांना भाऊसाहेबच म्हणायचं. भाऊसाहेबांनी ठराव वाचला. पोपट खाकरला. हात वर जायला लागले.

गौराबाई उठून उभी राहिली. "माज्या पोराचा पगार हाय. मी यात नाय."

"वैनी, बसा," पोपट हसून म्हणाला. "पोटच्या पोराच्या ताटात माती कालवता काय?"

"ताट त्याचं हाय, भाऊजी. वाढपी मी कशी व्हनार? वाढनारा घरचा असला की शेवटच्या पंगतीतबी पोट भरतं. हिरूचा वाढपी कोन हाय, सांगा."

दाराजवळ चिमाबाईनं मान वर केली. पोपटनं भाऊसाहेबांकडं पाहिलं. भाऊसाहेब पंख्याकडं पाहत हळूच म्हणाले, "ज्याचा संबंध येतो त्यानं मत देऊ नये, असं नियमात आहे खरं." इतकी वर्षं हे वाक्य त्यांच्या घशात कुठं अडकलं होतं, ते त्यांनाच माहीत.

"मग चला की," गौराबाई म्हणाली. "ज्याचं ज्याचं मानूस पगारावर हाय, त्यानं भायेर चला."

कुणी हललं नाही. गौराबाईनं पदर खोचला, बाहेर आली आणि कचेरीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसली. मान ताठ होती.

तो बाजाराचा दिवस होता. समोरच्या चौकात कशेळ्याला जाणाऱ्या जीपची वाट बघत निम्मं गाव पिशव्या घेऊन उभं. असं पायरीशी बसलेलं माणूस दिसलं की त्या गावात एकच अर्थ निघतो. आत काहीतरी तंटा चाललाय आणि हिच्या घरचं कुणीतरी त्यात आहे. माणसं सरकत सरकत जवळ आली. म्हातारा कान्हा काठी टेकत पुढं झाला. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून तो सगळ्या जगाला बहिरं समजून बोलायचा.

"गौरा, कुनाचा तंटा गं?"

"तंटा नाय, बाबा. आत माज्या ओमकारच्या पगाराचं चाललंय."

कान्हानं ते डोक्यात नीट बसवून घेतलं. "मंग पोपट आत कसा? त्याचा जावई पगारावर नाय काय?"

ते आत भिंतीलाही ऐकू गेलं असेल. खिडकीतून पोपटचा आवाज आला, "कान्हाबाबा, ही पंचायत हाय. गावकी नाय."

"मानसं तीच हायेत ना रं?" कान्हा म्हणाला.

चौकात कुणीतरी फिस्सकन हसलं. नीलेशची आई पिशवी घेऊन तिथंच उभी होती. ती नुसती दाराकडं बघत राहिली. थोड्या वेळानं नीलेश बाहेर आला आणि कुणाकडं न बघता गौराबाईच्या शेजारी बसला. एकदा उपसरपंचच बसला म्हटल्यावर त्याचे दोन चुलतभाऊही आले. आत उरले पोपट, चिमाबाई आणि आणखी दोघं, आणि त्यातला पोपटही जावयामुळं मोजता येईना. कोरम तुटला. भाऊसाहेबांनी सांगितलं, ठराव आता होत नाही, ग्रामसभेपुढं ठेवावा लागेल. पोपट बाहेर आला, भावजयीच्या अंगावरून गेला, गाडीला किक मारली आणि निघून गेला. चौकातल्या एकाही माणसानं त्याला हात केला नाही.

ग्रामसभा होईपर्यंतचे दिवस गौराबाईला जड गेले. ऋतिका बोलायची, पण भिंतीशी. ओमकार पाणी सोडायला जायचा तो जेवायलाच परत यायचा. पोपटनं निरोप धाडला, सदस्यपणाचा राजीनामा द्या, नाहीतर पोराच्या नोकरीचं माझ्याकडं बोलू नका. गौराबाईनं निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि सांगितलं, "दोन्ही नाय करनार, म्हनावं."

ग्रामसभा मारुतीच्या मंडपात भरली, आणि मंडप म्हटल्यावर रीत आलीच. पोपटलाही पायरीखाली यावं लागलं. सरपंच खाली, उपसरपंच खाली, मग खुर्चीवर बसायचं कुणी? कान्हाच ओरडला, "वाडीवालीला बसवा. तिचं कोन सोयरं हाय इथं?" हिरूही तिच्या नात्यातला नव्हता, नुसता वाडीचा. भाऊसाहेब म्हणाले, सभेला चालत असेल तर चालतं. चिमाबाई दबकत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकली. पण पहिलंच वाक्य तिनं नेमकं बोललं. "येकेकाचं घ्या, हिरूचंबी घ्या. तिगांचं मोटकुळं नको."

हिरूचं आधी झालं. हात इतके वर गेले की मोजायचं कारणच उरलं नाही. स्वप्नीलला दाखल्यांच्या उशिरावरून बोलणी खावी लागली, पण त्याचंही झालं. शिपायाचं झालं. मग ओमकार पुढं उभा राहिला.

"पानी कवा येल ते मारुतीला ठावं," वरच्या आळीतली विमलबाई म्हणाली, आणि मग बायका थांबेनात. सकाळचं पाणी दुपारी. वरच्या आळीला येतच नाही. हंडे घेऊन विहिरीवर जायचं तर नळ कशाला?

पायरीखाली गौराबाईनं ओठ दाताखाली धरला. तिला सगळं माहीत होतं. पाण्याची मोटार जळकी होती, पोरगा रात्रंदिवस ती दुरुस्त करत होता, नव्या मोटारीचं पोपट पुढं ढकलत होता. एक वाक्य बोलली असती तर वारं फिरलं असतं. ऋतिका तिच्या शेजारीच बसली होती. ती कानात म्हणाली, "आई, बोला ना. हात जोडते." गौराबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती बोलली नाही. रीत आपल्यावर आली की मोडायची, मग पोपटनं काय वेगळं केलं होतं?

ओमकार खाली बघत होता. आईकडं त्यानं दोनदा पाहिलं. मग स्वतःच तोंड उघडलं. "मोटार जळकी हाय. दोनदा सांगितलंय."

"कुनाला?" चिमाबाईनं विचारलं.

"काकाला."

"मंग मीटिंगमंदी येऊन का नाय सांगितलंस?"

ओमकारचा आवाज चढला. "कसं सांगू? काकानी नोकरीला लावलं म्हनून सगळ्या गावाला सांगून ठेवलंय. त्यांच्या इरोदात बोललो तर उद्या घरी बसलो असतो. माजं चुकलं. तवाच ओरडायला पायजे व्हतं."

पायरीखाली पोपट मिशीवर हात फिरवत बसला, कारण तिथं बोलायची त्याला सोय नव्हती. पण गाव काही लगेच विरघळलं नाही. आधी मोटार बसवा, वरच्या आळीला पाणी येऊ दे, मग पगाराचं बघू, असं ठरलं. ओमकारच्या नावाला चार-पाचच हात वर गेले. बाकीच्या दोघांचं झालं, हिरूचं झालं, आणि ज्या बाईनं हे सगळं उभं केलं तिच्याच पोराचं राहिलं.

सभा उठल्यावर पोपट गौराबाईच्या वाटेत आला. "काय कमावलंत, वैनी? पोराच्या पोटावर पाय दिलात."

"भाऊजी, धा वर्सं तुमी सांगत आलात, याला मी चिकटवलाय. आज गाव त्याला नाय म्हनलं. गाव आज नाय म्हनलं ते उद्या हो म्हनंल, काम बगून म्हनंल. तुमी दिलेलं काढून घ्यायला मातर तुमाला येक सांज पुरली असती. आता घ्या काढून. बगते कसं काढता."

पोपट काहीतरी बोलणार होता, पण मागं बायका थांबल्या होत्या, आणि त्या सगळ्या वरच्या आळीच्या होत्या. तो गेला.

ओमकार आईजवळ आला. तोंड उतरलं होतं, पण मान खाली नव्हती. ऋतिका चार पावलं लांब उभी, रुसलेली, तरी कान इकडंच.

"आये," तो म्हणाला, "मोटारीचा ठराव निगंल तवाबी पायरीवर जाऊन बसशील काय?"

"मोटार काय माजी सून हाय?" गौराबाई म्हणाली. "ती गावाची हाय. तिच्यासाठी दोनी हात वर करीन."