मथुराबाईंचा पोळा

मथुराबाईंनी दारातल्या कुणाला कधी उपाशी ठेवलं नाही, बैलांना तर नाहीच. वाघोलीतली त्यांची शेती बिल्डरकडे गेली, गोठ्याच्या जागी ऋषीचं, म्हणजे नातवाचं, ऑफिस उभं राहिलं, तरी सकाळी उठून त्या आधी दावणीच्या जागेकडे बघायच्या. मी समोरच्या इमारतीत राहणारा निवृत्त मास्तर. गॅलरीतून मला सगळं दिसायचं.

मग ऋषीनं उरलेला प्लॉट राखायला आयरिश वुल्फहाउंड जातीचा कुत्रा आणला. नाव ठेवलं सुलतान. वर्षभरात पिल्लाचं वासरू झालं. आमच्याकडे लोक आधी वस्तू घरी आणतात आणि मग माहिती काढतात. ते काम माझ्याकडे आलं. ही लांडगे मारायला तयार केलेली जात. आयर्लंडातले लांडगे संपले, तशी हीही संपत आली. पुढे एका हौशी कप्तानानं हरणांमागे धावणारी स्कॉटिश कुत्री आणि ग्रेट डेन मिसळून ती पुन्हा उभी केली. स्वभाव इतका गरीब की चोरापुढेही शेपूट हलवील. म्हणजे राखणीच्या नावानं आनंदच! आयुष्य जेमतेम सहा-आठ वर्षांचं. आणि एक भय कायमचं: भरल्या पोटी पळालं तर जठराला पीळ बसतो. लगेच ऑपरेशन झालं नाही तर कुत्रं हातचं जातं.

मी हे ऋषीला सांगितलं. "नोटेड, सर," तो म्हणाला आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. तेव्हापासून सुलतान जेवायला लागला की माझाच घास अडकायचा.

सुलतान मात्र मथुराबाईंचा झाला. त्या धान्य निवडत बसल्या की एवढं मोठं डोकं त्यांच्या मांडीवर. "लांडगं मारणारा म्हनं! ह्यो तर माझ्या म्हाताऱ्या बैलावानी हाय," त्या म्हणायच्या, आणि त्यांचा चेहरा फुलायचा.

आमच्या भागातला भादव्यातला पोळा आला. बैल नाहीत म्हणून सण सोडतील त्या मथुराबाई कसल्या? त्यांनी सुलतानाचे पाय धुतले, जुनी झूल पाठीवर टाकली, कुंकू लावलं आणि पुरणपोळ्या चारल्या. त्यानं पाच खाल्ल्या. नैवेद्य झाला की बैल गावातून फिरवायचे, ही रीत. ऋषीला व्हिडिओ हवा होता. त्यानं मित्राच्या मोटारसायकलवर मागे बसून दोरी धरली आणि सुलतानाला मारुतीच्या देवळापर्यंत पळवत नेलं.

मी गॅलरीतून बघत होतो. ओरडावं असं वाटलं. पण सणासुदीला अपशकुनी कशाला बोला, म्हणून गप्प बसलो, जेवलो आणि आडवा झालो. त्या झोपेची मला आजही लाज वाटते.

उठून गॅलरीत आलो तेव्हा मथुराबाई सुलतानाला प्लॉटभर फिरवत होत्या. तो चार पावलं टाकायचा, थांबायचा आणि ओकाऱ्या काढायचा. बाहेर काहीच पडत नव्हतं. पोट तट्ट फुगलं होतं. मी चपला न घालताच धावलो.

"केव्हापासून असं चाललंय?"

"झालं की दोन तास. ऋषी डागदरकडं न्यायचा म्हनत व्हता, मीच नगं म्हनलं. बैलाचं प्वाट बी असंच फुगायचं. नळीनं गोडंतेल पाजलं, आता फिरवतीया. उतरंल."

सुलतानानं ते तेल कसं घेतलं असेल, हे मला विचारावं लागलं नाही. त्यांच्या हातून तो काहीही घ्यायचा.

आम्ही त्याला टेम्पोत घातलं. नगर रोडला गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. ऋषी हॉर्न दाबत रडत होता. मथुराबाई मागे सुलतानाचं डोकं धरून बसल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. दवाखान्याच्या दारात त्याचा श्वास थांबला. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, पीळ बसल्याचं सांगितलं आणि लवकर का आणलं नाही, असं विचारलं.

मथुराबाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमाला ठावं व्हतं?"

"ऋषीला सांगितलं होतं मी," मी म्हणालो.

"त्येला कशापायी?" त्या म्हणाल्या. "खायला तर मी घालत व्हते."