महालक्ष्म्यांची गोळी

आमच्या घरी मूल होऊ न देणारी गोळी म्हणजे विष, आणि पाळी पुढे ढकलणारी गोळी म्हणजे जवळजवळ प्रसाद. दोन्ही सुपेल्याच्या बाजारात एकाच मेडिकलमध्ये मिळतात. दोन्हींत हार्मोनच असतं. पण पहिली मागितली की सून बिघडलेली, आणि दुसरी नको म्हटलं तरी सून बिघडलेलीच.

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीपाठोपाठ जे सामान भिलाईला आलं, त्यात त्या दोन मुखवट्यांची पेटी होती. मधला दिवस जेवणाचा. सोळा भाज्या, पुरण, आंबील, फुलोरा, आणि सगळं सोवळ्यात, सुनेच्या हातचं. त्या दिवसांत सुनेची पाळी आली तर? येऊच द्यायची नाही. आई श्रावणातच कॅलेंडरसमोर उभी राहायची आणि दादाला गोळ्या आणायला पाठवायची. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, मालगाडीवर असतो. निरोध मागताना ज्याची जीभ टाळूला चिकटते, तो माणूस या गोळ्या काउंटरवर मोठ्या आवाजात मागायचा. देवाचं काम ना!

यार्डातल्या क्वार्टरांमधल्या बायका आईला विचारायला येत. आईला सगळं पाठ. "तारखेच्या तीन दिवस पहिले सुरू कर. जेवून खाय, नाही तर मळमळते. बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत येऊन जाते, घाबरू नको." डॉक्टर नाही, तपासणी नाही, कोणाचं बीपी आहे का, कोणाला दिवस गेलेत का, काही विचारायचं नाही. हीच आई मूल रोखायच्या गोळीचं नाव काढलं की म्हणायची, "आंगात उष्णता होते. पिशवी वाळून जाते. बाईमाणूस कामाचं राहत नाही."

वहिनीला तेव्हा दोन मुली होत्या. तिला तिसरं मूल नको होतं. तिनं दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "आईले विचार." आई म्हणाली, "एक पोरगा होऊ दे, मग पाहू." झालं. तिच्या शरीराबद्दलची बैठक संपली, आणि त्या बैठकीत ती नव्हतीच.

मग तिनं एक केलं. घरात उघडपणे ठेवता येईल अशी एकच गोळी होती, देवाची. महालक्ष्म्यांनंतर पाकिटात उरलेल्या गोळ्या तिनं बांगड्यांच्या डब्यात टाकल्या. दादा ड्यूटीवरून घरी आला की एक-दोन दिवस ती त्यातली गोळी खायची. तिचा हिशेब सरळ होता. गोळीनं पाळी थांबते, म्हणजे आतलं सगळंच थांबतं, म्हणजे मूलही थांबेल. पाळी चुकली तेव्हा तिला वाटलं, गोळीचाच असर आहे. कळलं तोवर उशीर झाला होता. तिसरी मुलगी अशी आली.

ज्या दिवशी तिनं हे मला सांगितलं त्या दिवशी मी जामुलच्या वस्तीत कुटुंबनियोजनाची पत्रकं वाटून आले होते, माझं कामच ते. पिशवीत निम्मी उरली होती. मी ओरडलेच, "कावून नाही विचारलं मले?"

"तू घरी असते कधी? अन् असली का भाषण देते."

"अगं, पण ती गोळी यासाठी नसते!"

"मग कशासाठी असते ते कोणी सांगितलं होतं मले? आईनं एवढंच सांगितलं, जेवून खाय."

मला ती मूर्ख वाटली नाही. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. तरी तिनं विचार केला, आणि चुकीचा झाला. घरातल्या कुणी तर तेवढाही केला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात जामुलला सिमेंट कारखान्याच्या भिंतीमागच्या वस्तीत मी बायकांना हिंदीत विचारलं, "पूजा वाली गोली से बच्चा रुकता है क्या?" कितीतरी माना हलल्या. हव, हव. एक म्हातारी तंबाखू मळता मळता हसली, "भगवान बर रोक सकथन, त अपन बर काबर नइ?" देवासाठी थांबवता येतं, मग स्वतःसाठी का नाही? माझ्या हातातल्या पत्रकावर गैरसमजांचा एक मोठा रकाना होता. उष्णता होती, वजन वाढणं होतं, नवऱ्याची ताकद कमी होणं होतं. हा गैरसमज मात्र त्यात नव्हता. असणार कसा? ते लिहिणाऱ्या साहेबाला कधी गणपतीसाठी स्वतःची पाळी ढकलावी लागली नव्हती. मी ती पत्रकं तिथेच उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूला हातानं लिहिलं, पूजेच्या गोळीनं मूल थांबत नाही.

तिसरी चालायला लागली आणि पुन्हा श्रावण आला. आईनं सकाळच्या चहाबरोबर नवं पाकीट वहिनीसमोर ठेवलं. वहिनीनं ते एका बोटानं परत सरकवलं.

"मी नाही खात."

"नाही खात म्हणजे?"

"म्हणजे आली तर येईल. दूर बसून राहीन मी. सोळा भाज्या तुमच्या तुम्ही करा."

आईचे गुडघे गेलेले. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"माह्याकडं नको पाहू," मी म्हटलं. "मले पुरण शिजवता येत नाही, साऱ्या यार्डाले माहीत आहे."

दादा बूट घालता घालता म्हणाला, "अरे यार, इतनी सी बात पे..."

"इतनी सी बात असेल तर तुम्ही करा फुलोरा," वहिनी म्हणाली. मग आईकडं वळली. "मले ते तीन महिन्याचं इंजेक्शन पाहिजे. ते लावून द्या. मग तुमच्या गोळ्याही खाते, सोळाच्या अठरा भाज्याही करते."

कारखान्याच्या भोंग्यावर चालणाऱ्या गावात काम बंद कसं पाडायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. पण घरातल्या बाईनं चूल बंद पाडलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आईनं पुन्हा तेच सुरू केलं, उष्णता, पिशवी. माझा तोल गेला. "तू दरसाल तिले जे चारतेस ते काय बत्तासे आहेत? तेही हार्मोनच आहे!"

"ते देवासाठी आहे. देवाच्या कामानं काही होत नाही."

"पिशवीले माहीत असते का, कोणासाठी खाल्ली ते?"

आई उठून आत गेली. 

तिसऱ्या दिवशी मितानिन आली, आमच्या भागातली आरोग्यसेविका. मीच बोलावली होती. आईसमोर बसून तिनं शांतपणे सांगितलं. दर तीन महिन्यांनी सुई, पहिले काही महिने मध्येच डाग जाऊ शकतात, पुढे बऱ्याच जणींची पाळी बंदच होते, त्यात धोका नाही.

आई पुढे सरकली. "बंद? महीना पूरा बंद?"

"कई लोगों का, हाँ अम्मा. जब तक सुई लेते हैं."

"म्हणजे महालक्ष्म्यांत नाही? दिवाळीतही नाही?" आईचा चेहरा उजळला. "मग लावून आण ना बाई. हे पहिलेच नाही का सांगायचं?"

मी बसल्या जागी पेटले. पोटच्या तीन पोरी, वहिनीचं पांढरं पडलेलं तोंड, तिचं नको म्हणणं, यातलं काहीच वजनात धरलं गेलं नव्हतं. वजन पडलं ते देवाच्या सोयीचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनीनं माझा पाय दाबला. "चूप बस, नणंदबाई. त्यायले जे समजायचं ते समजू दे. सुई माह्या दंडात लागणार आहे."

दिवस गेले नाहीत याची खात्री हवी, म्हणून वहिनीची पाळी आल्याबरोबर आम्ही आरोग्य केंद्रात गेलो. सिस्टर म्हणाली, "पति कहाँ है? साइन लगेगा." असा नियम नाही, हे मी इतक्या जोरात सांगितलं की बाकावरच्या बायका वळून बघू लागल्या. सिस्टरनं बीपी बघितलं, चार प्रश्न विचारले आणि सुई दिली.

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी स्वयंपाकघरात वाफ कोंडली होती. वहिनी पुरण वाटत होती. मी ताटं पुसत होते. ती माझ्या कानाशी म्हणाली, "थोडंसं आलं."

"कधी?"

"सकाळपासून. मितानिन म्हणत होती तेच."

"मग?"

"मग काय? वेलची दे इकडं."

आईनं दारातून विचारलं, "सूनबाई, सगळं ठीक आहे ना?"

"एकदम ठीक आहे, आई."

नैवेद्य दाखवला. सगळे जेवले. पुरणाची तारीफ झाली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आई सांगत होती, "आमच्या सुनेनं इंजेक्शन घेतलं. कटकटच नाही. तुमच्या सुनांनाही लावून आणा." तिचा तो अभिमान ऐकून मला ताट आपटावंसं वाटत होतं. आजही वाटतं.

शेजारच्या क्वार्टरची नवी सून वाण घेता घेता वहिनीजवळ रेंगाळली. "खरंच येत नाही का?" तिनं हळूच विचारलं.

वहिनीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. "येते," ती म्हणाली. "मध्येच, केव्हाही. आताही आहे. पण पोर राहत नाही, अन् मरत कोणी नाही. उद्या नळावर ये, सगळं सांगते."