चार बोटं वाळू

आगीत ती गेली. त्यानंतर तिची माहिती विचारायला बरेच जण रेडिओवाल्या काकांकडे येऊन गेले. काका दर वेळी ओशाळायचे. दोन वर्षं तिच्या हाताखाली काम केलं, पण तिला भावंडं किती, हेही त्यांना सांगता येईना. ती पंचविशीची होती आणि चहा गार करून प्यायची, एवढं ठाऊक होतं. आणि लोकांनी टाकून दिलेल्या मोबाइल-संगणकांवर तिने अकरा बायकांची घरं चालवली होती.

पूर्वी त्या बायका नाल्याकाठी तारा जाळून तांबं काढायच्या आणि रात्रभर खोकायच्या. तिने गोदाम भाड्याने घेतलं, टेबलं मांडली, यंत्रं न मोडता उघडायला शिकवण्यासाठी काकांना बोलावलं. काहीही जाळायचं नाही, हा तिचा पहिला नियम. फुगलेली बॅटरी कधीही पेट घेते, म्हणून ती वाळूच्या पिंपात आणि बॅटऱ्यांच्या दोन थरांमध्ये चार बोटं वाळू, हा दुसरा.

पिंपं न्यायला येणारा ट्रक त्या महिन्यात आलाच नाही. आज येतो, उद्या येतो करत तीन आठवडे गेले. माल मात्र येतच होता. तो परत पाठवायचा तर बायकांना घरी बसवावं लागणार, आणि त्या पुन्हा नाल्याची वाट धरणार. म्हणून ती घेत राहिली. पिंपं मात्र तेवढीच होती. चार बोटं वाळूची दोन झाली, दोनाचं एक.

काकांना हे दिसत होतं. सांगू सांगू म्हणत त्यांनी चार दिवस काढले.

"काका, कधीतरी तोंड उघडा. वाळू नाही जायची आत," एक बाई म्हणाली, आणि टेबलावर खसखस पिकली.

त्या दुपारी काकांचा हात सहज बायकांमागच्या पिंपाला लागला. पिंप कोमट होतं. त्या भिंतीवर ऊन कधीच येत नसे.

ते तिच्या दाराशी जाऊन उभे राहिले. "माझं चुकतही असेल, पण ते पिंप..."

ती उठली. पत्र्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

"अंगणात नेऊ या का?" काकांनी विचारलं.

"तिथे शेजारची पोरं खेळतात."

दोघांनी ते हळूहळू सरकवत तिच्या टोकाच्या खोलीत नेलं, टेबलाला खेटून. तिने ट्रकवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आज येतोच.

"तू घरी जा. मी थांबतो," काका म्हणाले. पण ते इतक्या हळू की तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

"ट्रक येईपर्यंत मी आहे इथे. तुम्ही निघा."

संध्याकाळी बायका गेल्या. काका फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून हाक आली.

"काका, डबा विसरलात."

"राहू दे. उद्या नेतो."