गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात की माझी लिंक तुटते, आणि मग मी शेजारच्या शिंदे वहिनींच्या सुनेवर घसरते. ते आज नको.

तर, लोक म्हणतात मला डोकावायची सवय आहे. डोकावत नाही हो मी! खिडकीत उभी असते. समोरून लोकांनी जायचं आणि मी डोळे मिटून घ्यायचे, हा कुठला न्याय?

आमची इमारत धायरीला. चार मजली, आणि आम्ही सगळ्यात वर. बिल्डरने लिफ्टसाठी जागा सोडली, गच्चीवर लिफ्टची खोलीसुद्धा बांधली. फक्त लिफ्ट बसवायची राहिली. त्यामुळे वरखाली करणारा प्रत्येक माणूस आमच्या दारावरून किंवा खिडकीखालून जातो. मला मुद्दाम काही करावंच लागत नाही.

आमची रूपाली हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत लागली. तेव्हा घरोघरी इंटरनेट नुकतंच येत होतं. वर्षभरात कंपनीने तिला बंगलोरला पाठवलं आणि कॉम्प्युटर राहिला माझ्याकडे. जाताना ती म्हणाली, "आई, तुला खिडकीत उभं राहायचंच आहे ना? मग निदान पक्षी बघ. पक्षी भांडायला घरी येत नाहीत."

आणि तिने मला एका ईमेलच्या गटात घातलं. 'किलबिल कट्टा'. पंचवीस-तीस पुणेकर, सगळे पक्षीवेडे. बहुतेकांनी एकमेकांचा चेहराही पाहिलेला नाही. प्रत्येकाने पक्ष्याचं नाव घेतलेलं. मी बुलबुल. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं, तेही दोन बोटांनी. एक ओळ लिहीपर्यंत कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या.

पण काय सांगू, मी तिथे गाजले! बाकीचे लिहायचे, 'आज दोन साळुंक्या दिसल्या.' मी लिहायचे, 'समोरच्या साळुंकीला नवऱ्याने आणलेली काडी पसंत नाही. तिसऱ्यांदा परत न्यायला लावली. तो बिचारा तारेवर मान खाली घालून बसलाय.' ह्याला निरीक्षण म्हणतात म्हणे. गटात शिक्रा नावाचा एक जण होता, सगळ्यांत जाणकार. त्याने लिहिलं, 'बुलबुलताई, तुमची नजर फार मोठी आहे.'

दहावीला शास्त्रात कसेबसे पस्तीस मार्क पडलेल्या बाईला हे वाचून काय वाटलं असेल? मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं. हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "नजर मोठी आहेच. आख्ख्या धायरीला माहितीये."

संक्रांत झाली आणि शिक्राने एक फोटो टाकला. गव्हाणी घुबड! पांढरंशुभ्र, आणि चेहरा कसा, तर पोळी लाटताना चुकून बदामाचा आकार व्हावा तसा. शेजारी तीन पिल्लं, कापसाच्या वाती विस्कटल्यासारखी.

मी लगेच विचारलं, 'कुठे आहे हे?'

उत्तर आलं, 'ताई, घरट्याचा पत्ता कुणाला सांगायचा नाही हा आपल्या कट्ट्याचा पहिला नियम.'

आता मला सांगा. पाणी आहे असं सांगायचं आणि तांब्या लपवायचा? मला रात्री झोप लागेना. गटातले चौघं-पाचजण मात्र शिक्राच्या ओळखीचे, ते बघून आले होते. 'काल नेहमीच्या जागी गेलो, पिल्लं मजेत,' असं लिहायचे. नेहमीच्या जागी! कुणाच्या नेहमीच्या?

मी डोकं चालवलं. घुबडाला लागतात उंदीर. उंदीर कुठे? उसात. ऊस कुठे? मांजरी गावाला! दोन बस बदलून ह्यांना घेऊन गेले. हे पाण्याची बाटली धरून मुकाट्याने मागून चालत होते. एरवी कोपऱ्यावर भाजीला न येणारा माणूस उसाच्या बांधावरून फिरला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एका बांधावर खुरपं घेतलेल्या आजी भेटल्या.

"आजी, इथं कुठे घुबड आहे का हो?"

"घुबाड? हितं बिबट्याच्या भ्यानं दिवस मावळायच्या आत घर गाठतोय आम्ही, आन् तुमी घुबाड हुडकताय व्हय?"

परत येताना बसमध्ये हे म्हणाले, "आता कात्रजला जाऊ या का? तिथे तिकीट काढलं की प्राणी दाखवतात."

तेवढ्यात गटावर शिक्राचं मोठं पत्र आलं. 'मंडळी, मदत हवी. घरटं ज्या इमारतीत आहे तिथे एक बाई राहतात. मनाने चांगल्या आहेत, पण त्यांना कळलं की भाजीवाल्यापासून भिशीपर्यंत सगळ्यांना कळतं. मागच्या वर्षी त्यांच्यामुळे एक जोडी अंडी टाकून निघून गेली. आता तर घुबड आहे. बाहेर बोभाटा झाला तर कुणीतरी अशुभ म्हणून धूर करून हाकलेल. पिल्लांना उडायला अजून दीड महिना आहे. ह्या बाईंचं काय करू?'

अहो, मी पेटलेच! अंडी टाकून गेली? बाई आहे की कोण! बाकीचे लिहीत होते, 'त्यांना समजावून सांगा,' 'विश्वासात घ्या.' भाबडे सगळे. अशा बायका मला चांगल्या माहीत. आमच्या भिशीत तीन आहेत. मी तासभर बसून लिहिलं, 'समजावू नका. आणि काही नाही असंही म्हणू नका, ते म्हटलं की अशा बाईला चैन पडत नाही. कंटाळवाणं कारण द्या. गच्चीवर असेल तर वॉटरप्रूफिंग चालू आहे म्हणा. वॉटरप्रूफिंग बघायला कुणी जात नाही. आणि बाईला कसलंतरी महत्त्वाचं काम द्या. खुर्ची द्या बसायला. ती खुर्ची सोडायची नाही.'

शिक्राने लिहिलं, 'ताई, तुम्ही ग्रेट आहात!'

चार दिवसांनी आमच्या जिन्यात पाटी लागली. 'गच्चीचे वॉटरप्रूफिंग चालू असल्याने गच्ची बंद. चावी मागू नये. कारण विचारू नये, ते वर लिहिले आहे.'

तुम्ही म्हणाल, तेव्हाच ट्यूब पेटायला हवी होती. अहो, पण धायरीतल्या कुठल्या इमारतीची गच्ची गळत नाही? मला काळजी एकच होती, माझी लिंबाच्या लोणच्याची बरणी उन्हात ठेवलेली, ती वर अडकली. सोसायटीचे सेक्रेटरी निकम, त्यांच्याकडे गेले.

"निकम साहेब, माझी बरणी?"

"बरणी सुरक्षित आहे, ताई. उलट ऊन जास्त मिळेल. बरं झालं तुम्ही आलात. एक फार जबाबदारीचं काम आहे. गेटपाशी कचरा कोण टाकतं ते कळत नाही. संध्याकाळी सहा ते साडेसात लक्ष ठेवायला विश्वासू माणूस हवं. तुमच्याशिवाय कोण आहे?"

आणि त्यांनी खुर्ची आणून दिली.

हो. खुर्ची. उशीसकट!

मी बसले. रोज सहाला बसायचे. घुबडं बाहेर पडायची ती वेळ, पण माझं लक्ष कचऱ्यावर. माझ्या समोरून अनोळखी माणसं वर जायची, पाठीवर पिशव्या, खांद्यावर तीन पायांचे लोखंडी दांडे.

"कुणाकडे?"

"वॉटरप्रूफिंग."

"जा, जा. तिसऱ्या मजल्यावर पायरी फुटलीये, बघून."

वाट मी दाखवत होते, बघा! कचरा मात्र कुणीच टाकेना. म्हटलं, माझा दरारा.

घरात रात्री वरून फुस्स, फुस्स आवाज यायचा. ह्यांना म्हटलं, "टाकीचा पाइप गळतोय वाटतं." हे म्हणाले, "गळतोय. निकमांना सांगितलंय." विषय संपला. ह्यांनी आपणहून निकमांना काही सांगितलंय, हेसुद्धा मला विचित्र वाटलं नाही. माझी नजर मोठी ना!

आणि मग एके दुपारी शिक्राने नवा फोटो टाकला. पिल्लं चांगली कोंबडीएवढी झालेली. एक पिल्लू दारात येऊन वाकडी मान करून बघत होतं. मी कौतुकाने बघतेय, बघतेय, आणि पिल्लाच्या शेजारी, उन्हात काय? एक बरणी. तोंडाला निळ्या चौकटीचं फडकं बांधलेलं.

ते फडकं ह्यांच्या शर्टाचं होतं. मी स्वतः फाडलं होतं, खिशासकट. खिसाही दिसत होता फोटोत!

घरटं माझ्या डोक्यावर होतं. शब्दशः डोक्यावर, मधे फक्त स्लॅब! आणि मी मांजरीला आजींना विचारत होते. त्या आनंदात मी उठले, चप्पल घातली, शिंदे वहिनींच्या बेलवर बोटसुद्धा ठेवलं.

आणि तिथेच पुढचं डोक्यात शिरलं. घरटं आमच्या इमारतीत. म्हणजे ती बाई आमच्या इमारतीतली. कोण बरं असेल, असं म्हणून मी तळमजल्यापासून एकेक बाई मनात घेत वर वर आले. चौथ्या मजल्यावर येऊन थांबले.

बोट बेलवरून काढलं. घरी येऊन पलंगावर बसले. मागच्या वर्षी खालच्या मेंदीच्या कुंपणात भारद्वाजाच्या जोडीने घरटं केलं होतं. भारद्वाज दिसला की शकुन चांगला, म्हणून मी आपली अख्खी भिशी दर्शनाला बोलावली. चहा केला सगळ्यांना. दोन दिवसांत जोडी गेली. मी म्हटलं होतं, हवा मानवली नसेल. अंड्यांचं मला कुणी सांगितलंच नव्हतं.

वाईट वाटलं हो. खरंच वाटलं. पण माझा स्वभाव काही फार वेळ वाईट वाटून घ्यायचा नाही. शिक्रा कोण, हे आधी कळायला हवं होतं! त्या संध्याकाळी गेटवर गेले नाही, गुडघ्याचं निमित्त केलं. दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. निकम चावी घेऊन वर गेले. पाठोपाठ कॅमेरा घेऊन तिसऱ्या मजल्यावरचा आदित्य. कॉम्प्युटर कंपनीतला, भाड्याने राहतो. त्याचं गाव, पगाराचा दिवस, कांदा चालतो पण लसूण चालत नाही, सगळं मला माहीत होतं. तोच शिक्रा, एवढं एकच कळायचं राहिलं होतं.

मी ठरवलं. दाखवतेच ह्यांना. कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही.

तीन आठवडे! तुम्ही हसताय, पण करून बघा. भिशीत गेले तर तोंडात बडीशेप धरून बसायचे. रूपालीचा फोन आला की पटकन ह्यांच्याकडे द्यायचे. एकदा शिंदे वहिनींनीच विचारलं, "काय हो, वरून कसलातरी फुस्स आवाज येतो ना?"

"पाइप," मी म्हटलं.

"हो ना? मलाही पाइपच वाटला," त्या घाईघाईने म्हणाल्या आणि दार लावलं. मी देवाचे आभार मानले. बिचारीला काही कळलं नाही!

खुर्चीवर तर मी रोज बसायचेच. आता मात्र जाणूनबुजून. दुधवाला वर बघायला लागला की त्याला म्हशीच्या चाऱ्याबद्दल विचारायचे. एकदा गेटवर एक माणूस म्हणाला, तुमच्या गच्चीवर पांढरं भूत फिरतं म्हणे. मी म्हटलं, "आमचे हे असतात. पांढऱ्या बनियनवर व्यायाम करतात." घुबडांसाठी मी नवऱ्याला भूत केलं. आणखी काय हवं?

होळीच्या आधी पिल्लं उडाली. तिन्ही. शिक्राने गटावर कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी निकमांनी गच्ची उघडली. बरणी आणायला म्हणून मी वर गेले. सगळेच आले होते, कुणी वाळवण घेऊन, कुणी गाद्या घेऊन. मला राहवलं नाही. लिफ्टच्या खोलीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "तुम्हाला कुणाला ठाऊक नाही, पण इथे दोन महिने घुबडाची पिल्लं होती. मला तीन आठवड्यांपासून माहीत होतं. मी अवाक्षर काढलं नाही!"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग शिंदे वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग निकम खोकले. मग आख्खी गच्ची हसायला लागली.

"काकू," आदित्य म्हणाला, "आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सगळे आळीपाळीने बघून गेले. शिंदे काकूंनी तर हात जोडले, लक्ष्मीचं वाहन आहे म्हणून. फक्त तुम्हाला..."

मी ह्यांच्याकडे वळले. "तुम्हीसुद्धा?"

"दोनदाच," हे म्हणाले.

"मग मांजरीला कशाला आलात माझ्याबरोबर?"

"तू तिथे होतीस तेवढा वेळ इथे सगळ्यांना निवांत बघता आलं."

"पण मलाही माहीत होतं!" मी ओरडले. "शपथ! तीन आठवडे!"

"हो काकू, हो," आदित्य म्हणाला. लहान मुलाला म्हणतात तसं. एकाही माणसाचा विश्वास बसला नाही. कसं कळलं ते सांगावं, तर बुलबुल कोण ते सांगावं लागणार. आणि ते सांगितलं, तर खुर्चीची आणि वॉटरप्रूफिंगची कल्पना कुणाची, तेही कळणार. मी बरणी उचलली आणि खाली आले.

संध्याकाळी कॉम्प्युटर लावला. शिक्राचं पत्र आलेलं. सगळ्यांचे आभार, बुलबुलताईंचे विशेष आभार, आणि शेवटी हे: 'गंमत म्हणजे त्या बाई म्हणतात की त्यांना तीन आठवड्यांपासून माहीत होतं आणि त्या गप्प राहिल्या! बुलबुलताई, तुम्हाला अशा बायकांची चांगली पारख आहे. तुम्हाला काय वाटतं, खरं असेल?'

सगळा कट्टा माझ्या उत्तराची वाट बघत होता. माझ्या बाजूने साक्ष देणारं जगात एकच माणूस होतं.

मी दोन बोटांनी लिहिलं, 'शक्यच नाही. अशा बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही.'