दुसरं बोलावणं

अख्ख्या जबलपुरात आमच्या काकाजींइतका चहा कोणी प्यायला नसेल, आणि त्यातला एकही चहा त्यांना आवडलेला नाही. काकाजी तसे माझे कोणी लागत नाहीत. फॅक्टरीतून निवृत्त झालेले, रांझी भागात आमच्या गल्लीच्या टोकाला एकटे राहणारे. पण गणपतीचा भंडारा असो, चौदा एप्रिलच्या जयंतीची मिरवणूक असो की पोरांचा तान्हा पोळा, घरोघरी आवतन द्यायला तेच जाणार. आवतन म्हणजे तोंडी बोलावणं, आमच्या पणजोबांनी विदर्भातून येताना सोबत आणलेलं. "आवतन उभ्याउभ्या देत नसतात," म्हणत ते बसायचे, आणि बसले की चहा आलाच. तो नाकारला तर आवतन घरच्यांना पोचलंच नाही, अशी त्यांची पक्की समजूत. एका सकाळी बारा घरं, बारा कप. बाराव्या कपाकडे ते असे बघायचे की घरच्या बाईला वाटावं, आपण साखर विसरलो.

यादी त्यांच्याजवळ कधीच नव्हती, सगळं डोक्यात. एका घरातल्या दोन भावांचं बोलणं बंद होतं, तर काकाजींनी पुढच्या दारानं थोरल्याला आणि मागच्या दारानं धाकट्याला वेगवेगळं आवतन दिलं, आणि दोन्हीकडे चहा घेतला. पुण्याला निघून गेलेल्या एका कुटुंबाच्या बंद दारासमोर उभं राहूनही ते रीतसर बोलून आले. मी विचारलं, "काकाजी, कोणाला सांगितलं?" म्हणाले, "कुलपाला सांगून आलो. घर तर इथंच हाय ना." शेजारणीनं ही गंमत फोनवर पुण्याला कळवली, आणि त्या वर्षी ती माणसं गणपतीला खरोखर आली. कोपऱ्यावरचा हिंदी बोलणारा किराणावालासुद्धा आता तक्रार करतो, "भैया, हमारा आवतन नहीं आया."

त्यांनी हे काम हाती घेतलं त्याआधी आमच्या वस्तीची रया गेली होती. पोरं पुण्या-बंगलोरला, म्हातारे टीव्हीसमोर, आरतीला नऊ डोकी. माझे बाबा गेल्यावर आईनं तर उंबरठाच ओलांडला नव्हता. काकाजी दर कार्यक्रमाला आवतन घेऊन यायचे आणि म्हणायचे, "वहिनी, येते म्हणू नका. पाहू म्हणा फक्त." आई दीड वर्ष 'पाहू' म्हणत राहिली. मग एका पोळ्याला ते दुसऱ्या बोलावण्याला आले, तेव्हा ती लुगडं बदलून दारात उभी होती. त्या दिवसाचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत.

हे दुसरं बोलावणं फार महत्त्वाचं. आवतन चार दिवस आधी. मग पानं मांडली की काकाजी सायकलची घंटी वाजवत गल्लीतून फिरायचे, "चला, पानं मांडली!" त्याआधी घरातून निघणं म्हणजे हावरटपणा. आणि नेमकं हेच मी, मंडळाची हुशार सेक्रेटरी, विसरले.

हिवाळ्यात आमच्याकडे रोडग्यांचा कार्यक्रम असतो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, म्हणजे रोडगे, आणि वांग्याची भाजी. गणपतीवाले आणि जयंतीवाले एका पंगतीत बसतात असा वर्षातला तेवढा एकच दिवस. पण आदल्या दोन वर्षी गर्दी आटली होती, आणि कमिटीनं ठरवलं की यंदा शंभर पानं उठली नाहीत तर कार्यक्रम कायमचा बंद. त्यात काकाजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी म्हटलं, त्यात काय, ग्रुपवर मेसेज टाकते. सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी निर्धास्त.

एक वाजला. मैदानात आम्ही सातजण आणि रोडग्यांचा डोंगर. दीड वाजला. अध्यक्ष म्हणाले, "चलो, संपलं म्हणायचं." मला रडू येत होतं. काकाजींना काय तोंड दाखवू, म्हणत मी स्कूटी काढली.

काकाजी दारातच खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा, पायांत बूट.

"काकाजी, कोणीच नाही आलं. तुम्ही पण काहून नाही आले?"

"मी तर सकाळपासून तयार हाय. मोबाईलमधी आवतन आलं, शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं. पण बोलावायला कोण आलं?"

मग तेच हळूच म्हणाले, "अच्छा. म्हणजे तू कोणालेच बोलावलं नाही. सारे माझ्यासारखेच बसून असतील, बाई."

डॉक्टरांनी बाहेर पडायचं नाही म्हणून सांगितलं होतं. "ऑपरेशन डोळ्याचं झालं, तोंडाचं नाही," म्हणत ते माझ्या मागे बसले. दिसत काही नव्हतं, तरी वळणं तेच सांगत होते. "चला, पानं मांडली" म्हटलं की दार उघडायचं, आणि आत अख्खं घर नटूनथटून बसलेलं. एक आजोबा कोट घालून सोफ्यावर झोपून गेले होते. वर मलाच बोलणी, "किती उशीर करून राहिली तू, भूक लागली ना!" रोडगे दगड झाले होते, लोकांनी भाजीत बुडवून खाल्ले. मांडलेली शंभर पानं कमी पडली. बोलणं बंद असलेले ते दोन्ही भाऊ एकाच पंगतीत होते, दोन टोकांना.

आता काकाजींचे गुडघे गेलेत, आवतनाला मी जाते. शेवटचं घर त्यांचंच ठेवते. ते विचारतात, "कुलपाला सांगितलं?" मी सांगते, "सांगितलं." खरंच सांगितलेलं असतं. एक दिवस या दारालाही कुलूप असेल हे मला ठाऊक आहे. त्या दिवशीही मी इथे थांबेन आणि रीतसर बोलावून जाईन. तोवर ते भिंतीला धरत आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकतात. माझा बारावा कप. साखर हमखास विसरलेले असतात. मला तो मुळीच आवडत नाही, आणि मी सगळा पिते.