विश्वासरावांचा खिसा

चिकपेटच्या बाजारामागच्या बोळात शालनक्का शिवणाचं मशीन घेऊन बसायची. बाजाराला निघालेल्या बाईच्या तोंडाकडं नाही, आधी हाताकडं बघायची. हात रिकामा दिसला की विचारायची, "काय गे, आज पण कव्हरातनंच आणणार काय?"

कव्हर म्हणजे प्लास्टिकची पातळ पिशवी. बोळातली पांढरी गाय फुगून मेली आणि तिच्या पोटातून असल्या कव्हरांचा गोळाच निघाला, तेव्हापासून शालनक्कानं त्यांच्याशी वैर धरलं होतं. घराघरांतून जुने शर्ट, लुगडी मागून आणायची आणि पिशव्या शिवून द्यायची.

शिंप्याचं जुनं घर, त्यामुळं सासूनं घालून दिलेला एक नेम ती पाळायची. गेलेल्या माणसाचं कापड कापायचं तर आधी त्याचा खिसा उसवायचा. खिसा जागेवर राहिला, की माणूस त्यात हात घालायला परत येतो. तिच्या स्वतःच्या गेलेल्या नवऱ्याचा, नागराजचा, शर्ट मात्र ट्रंकेत घडी करून पडला होता. धुतलेला, खिशासकट. त्याला पातं लावायचं तिच्या जिवावर यायचं.

समोरच्या महानंदाचा नवरा विश्वासराव उन्हाळ्यात वारला. तिनं त्याचे शर्ट पिशव्यांसाठी दिले. दसऱ्याची घाई होती. एका निळ्या शर्टाचा खिसा शालनक्कानं तसाच ठेवला. सुट्टे ठेवायला बरा पडेल, असं तिला वाटलं. ती पिशवी महानंदाकडंच गेली.

थोड्याच दिवसांनी महानंदा सुपारीचं खांड तळहातावर घेऊन आली. "बघ अक्का, पिशवीच्या खिशात मिळालं."

"जुनं राहिलं असेल."

"ओलं आहे की. अन् असं तिरकं कोण कातरायचं, ह्यांच्याशिवाय?"

शालनक्कानं हात लावला नाही.

मग महानंदा काम नसताना बाजाराला जाऊ लागली. पिशवी रिकामीच परत यायची आणि तिचा एक हात खिशात असायचा. चूल थंड. गालाची हाडं वर आली. एका दुपारी पायरीवर बसून, लाजल्यासारखी हसत म्हणाली, "काल आतनं बोट धरलं गे. सोडेनातच."

शालनक्कानं हात पुढं केला. "पिशवी दे इकडं. खिसा राहिला, माझी चूक."

"असू दे की. तुझं काय जातंय?"

"तू त्यांच्या मागं चाललीस, अन् माझं काय जातंय विचारतीस?"

महानंदानं पिशवी छातीशी धरली. "तुझ्या ट्रंकेतला शर्ट? त्याचा खिसा काढलास? आधी तू काढ. मग मी देते."

समोरचं ते वाळलेलं तोंड शालनक्काला बघवेना. उठली, आत गेली, शर्ट घेऊन आली. धुऊन ठेवल्यापासून त्या खिशात तिनं कधी हात घातला नव्हता. आता घातला.

आत खडू होता. कापडावर खुणा करायचा, शिंप्याचा. बोटात धरून आत्ताच ठेवल्यासारखा कोमट.

म्हणजे तो येत होता. खिशात हात घालत होता आणि ती ट्रंकेला कुलूप लावून बसली होती.

"काय आहे?" महानंदानं विचारलं.

"काही नाही," शालनक्का म्हणाली आणि पातं घेतलं. खाली बघतच ती टाके तोडू लागली. अर्धा खिसा सुटल्यावर महानंदानं पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि तोंड फिरवलं.

दोन्ही खिसे उसवून तिनं पेटत्या बंबात घातले. पिशवीवर खिशाच्या जागी गडद निळा चौकोन उरला. महानंदा ती घेऊन गेली. त्या संध्याकाळी तिच्या घरातून फोडणीचा वास आला.

शालनक्कानं शर्ट कापायला पाटावर पसरला. कापायच्या रेघा आधीच मारलेल्या होत्या. पांढऱ्या, सरळ, नागराज मारायचा तशा.

ती त्या रेघांवरूनच कापत गेली.