शून्य वेळा वाचलेली पुस्तकं

मला राग लवकर येतो आणि जायला वर्षं लागतात. भिलाईच्या वाचनालयातल्या त्या साहेबांवरचा अजून गेलेला नाही. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

तेव्हा भिलाई मध्य प्रदेशात होतं. नव्वदीची सुरुवात. बाबा स्टील प्लांटमध्ये शिफ्टवर असायचे. आई वर्ध्याकडची, चौथीत शाळा सुटलेली, हिंदी बाजारापुरती. आमच्या सेक्टरच्या वाचनालयात मराठी पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं आणि आईची उरलेली शाळा त्या कपाटात झाली. काउंटरवरच्या बाबूला मराठी नावं लिहायचा कंटाळा. म्हणून कपाटाच्या मुठीला एक वही दोरीने बांधून ठेवली होती. सेक्टरातल्या मराठी बायका शनिवारी यायच्या, पुस्तक काढायच्या आणि वहीत आपल्या हाताने लिहायच्या. आईचं अक्षर त्या वहीतच वळणावर आलं.

मी बी.एस्सी. झाले, कम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स केला आणि नेमका तेव्हाच वाचनालयात कम्प्युटर आला. मला तात्पुरती नोकरी लागली. यंत्राची रीतसर पूजा झाली, नारळ फुटला, मॉनिटरवर कुंकवाचं स्वस्तिक निघालं. त्याला कूलर मिळाला. त्याच्या खोलीत चपला घालून जायची बंदी होती. खोलीला जागा हवी म्हणून मराठीचं कपाट बाहेर सायकल स्टँडपाशी व्हरांड्यात गेलं.

वाचनालयाचे मुख्य साहेब कवी होते. दारातून आत शिरलं की समोरच काचेच्या कपाटात त्यांच्या हिंदी कवितासंग्रहाच्या तीस प्रती मांडलेल्या. कपाटाला कुलूप. कुणी मोठा माणूस आला की साहेब त्याला आधी तिथे नेत, मग पाणी विचारत.

मी काउंटरचं रजिस्टर यंत्रात भरलं. कुणी कोणतं पुस्तक नेलं, कधी नेलं, सगळं. मग वही घेऊन साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "उसको छोड़ो। वो औरतों की कॉपी है, रजिस्टर थोड़े ही है।" मी गप्प बसले. नोकरी नवी होती. त्या गप्प बसण्याचा रागसुद्धा माझा साहेबांवरच आहे. स्वतःवर काढण्याइतकी थोर मी नाही.

वर्षभराने साहेबांनी नियम काढला: वर्षात एकदाही न वाचलेलं पुस्तक रद्दीत. मोजणीसाठी सगळ्यांनी आपापली पुस्तकं जमा करा, अशी पाटी लागली. आईनेही हातातली कादंबरी अर्धवट परत केली. खूण म्हणून स्वेटरच्या लाल लोकरीचा धागा पानात ठेवला, शनिवारी परत घ्यायची म्हणून.

यंत्राने यादी काढली. मराठीचं अख्खं कपाट शून्यावर. मी वही घेऊन पुन्हा गेले, पानं उलटून दाखवली. साहेबांनी मॉनिटरवर बोट आपटलं. "मशीन झूठ नहीं बोलती, बेटी।" दुसऱ्या दिवशी भिलाई-३ वस्तीतला कबाडी, म्हणजे रद्दीवाला, हातठेला घेऊन आला.

शनिवारी आई आली. रिकाम्या कपाटापुढे उभी राहून तिने मला विचारलं, "कावून नेली? मी तं वाचून राहिली होती ना! आता त्या पोरीचं पुढं काय झालं, मले कोन सांगन?"

साहेब तिथूनच चालले होते. आईकडे बघून हसले आणि म्हणाले, "अम्मा, मशीन में ज़ीरो है। कोई पढ़ता ही नहीं।"

आईने त्यांच्यापुढे मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला अजून दिसते. त्या दिवशी मी वही दोरीतून सोडवून घरी आणली आणि ठरवलं, या माणसाची जिरवायची.

संधी आली ती भोपाळच्या पाहुण्यांच्या रूपाने. मोठे अधिकारी कम्प्युटर बघायला येणार होते. न वाचलेल्या पुस्तकांची यादी त्यांच्यासमोर काढायची होती. काचेचं कपाट यादीतून वगळायचं, असं साहेबांनी मला हळूच सांगून ठेवलं होतं. मी मान डोलावली.

आता कबूल करते. साहेबांचा संग्रह शून्यावर नव्हता. एका प्रतीवर तीन नोंदी होत्या, तिन्ही एकाच माणसाच्या. एक निवृत्त मास्तर कपाटाचं कुलूप उघडून घेत, तिथेच बसून हळूहळू वाचत. आदल्या दिवशी मी त्या तिन्ही नोंदी पुसल्या. छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे चपला काढून आत आले. साहेब रंगात आले होते. "सर, मशीन किसी का लिहाज़ नहीं करती। जो नहीं पढ़ी गई, वो बाहर।" मी बटण दाबलं. प्रिंटर करकरू लागला आणि भोकांच्या पट्टीचा कागद बाहेर येऊ लागला. एकच नाव, एकच कवी, एकाखाली एक, तीस ओळी. पाहुण्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "ये आप ही हैं न?" साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुणे हसून म्हणाले, "नियम तो आपका ही है।" त्याच आठवड्यात तोच कबाडी तोच ठेला घेऊन आला. गठ्ठे मी स्वतः बांधले आणि साहेबांच्या खिडकीखालून न्यायला लावले. काच पुसून कपाट उघडं ठेवलं, रोज दिसावं म्हणून.

दोन दिवसांनी मास्तर आले. रिकाम्या काचेपुढे उभे राहिले, चष्मा पुसला, परत बघितलं. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "बिटिया, वो कविता वाली किताब... मैं आधी तक पहुँचा था।"

मी म्हणाले, "मशीन में ज़ीरो थी, सर।"

त्यांनी मान खाली घातली आणि गेले.

संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं: तीस ओळी, पाहुण्यांचं हसणं, खिडकीखालचा ठेला. आई खळखळून हसली, पदराने डोळे पुसले, "पुन्हा सांग" म्हणाली. मी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी ओघात मास्तरांचंही सांगून टाकलं. आईचं हसू थांबलं. विणायच्या सुया तिने मांडीवर ठेवल्या.

"कोनत्या पानावर होता थो?" तिने विचारलं.

मी विचारलं नव्हतं.